हरभऱ्याच्या गाठीत कोण काय करते?



या आठवड्यात बुलढाणा जिल्ह्यातून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. पत्रात खताचा प्रश्न जेवढा आहे, तेवढाच घरातल्या वादाचाही आहे. तीन एकर हरभरा. पेरणीला पस्तीस दिवस झाले. पेरताना एकरी एक बॅग डीएपी दिली, बियाण्याला रायझोबियम चोळले. आता शेताच्या मधल्या पट्ट्यात पीक फिकट दिसते, म्हणून सासरे म्हणतात की एकरी एक बॅग युरिया फेका आणि पाणी सोडा. ताईंनी निंदताना दोन झाडे उपटली, तर मुळांना गाठीच गाठी! घरधनी त्या गाठी घेऊन दुकानात गेले, तिथे हा मुळांचा रोग आहे असे सांगून औषधाचा डबा पुढे करण्यात आला. ताई विचारतात, युरिया आणायचा, औषध आणायचे, की दोन्ही? आणि शेवटी लिहितात, "घरात माझे कोणी ऐकत नाही, तुम्ही छापून दिले तर ऐकतील."

छापून देतो, ताई. पण नुसते 'नको' एवढेच छापले तर सासरेबुवा 'का नको?' असे विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाच हवे. म्हणून आज जरा खोलात जाऊ.

आधी गाठ ओळखू. झाड उपटू नका, उपटताना निम्म्या गाठी जमिनीतच राहतात. कुदळीने वीतभर लांबून ढेकूळ उचला, बादलीत पाण्यात बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. सूत्रकृमीची गाठ असेल तर मूळच सुजलेले दिसते. ती गाठ वेगळी काढता येत नाही, काढायला गेलो तर मूळ तुटते. रायझोबियमची गाठ मुळाच्या कुशीला चिकटलेली असते आणि नखाने टिचकी मारली की सुटते. सोयाबीनची गाठ गोल असते. हरभऱ्याची मात्र वाढत वाढत आल्याच्या गड्ड्यासारखी बोटे फुटलेली होते, आणि तिथेच पुष्कळांची फसगत होते. आता ती गाठ ब्लेडने मधोमध कापा. आत लालसर किंवा गुलाबी दिसली तर कारखाना चालू आहे. पांढरी असेल तर अजून चालू झाला नाही, किंवा आत शिरलेले जिवाणू कामाचे नाहीत. हिरवट किंवा मातकट असेल तर कारखाना बंद पडत चालला आहे.

ताईंनी लिहिले आहे की एक गाठ चिरडली तेव्हा बोटाला 'रक्तासारखे' लागले. ताई, तुम्ही लिहिले ते शब्दशः खरे आहे. त्या लाल द्रव्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात, आणि ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचेच भाऊबंद आहे. १९३९ साली जपानमधील कुबो नावाच्या शास्त्रज्ञाने सोयाबीनच्या गाठीतला हा रंग ओळखला. तुमच्या बोटाला लागलेला तो डागच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर मिळायला शास्त्रज्ञांना आणखी बरीच वर्षे लागली.

गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरतात हे जर्मनीतील हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी १८८८ साली दाखवले. त्याच वर्षी हॉलंडमधील बायरिंक याने ते जिवाणू गाठीतून वेगळे काढले. कृषी महाविद्यालयात आम्हाला एवढेच शिकवले होते, आणि पुढे गावोगावच्या सभांत मीही तेच सांगत आलो : जिवाणू झाडाला नत्र देतो, झाड जिवाणूला साखर देते, दोघे सुखाने नांदतात. तक्त्यावर दोन बाण काढले की काम झाले. पण गाठीच्या आत कोण कोणाला काय सांगतो, कोण आधी बोलतो, बिघडले तर कोण हात आखडता घेतो, हे तक्त्यावर नव्हते. भिंग लावून पाहिले तरी जिवाणू दिसतात, त्यांचे बोलणे ऐकू येत नाही.

ते ऐकण्याची एक युक्ती निघाली. ती समजायला तलाठ्याचे जुने दप्तर डोळ्यांपुढे आणा. आता सातबारा मोबाइलवरही निघतो, पण दप्तराची आठवण आपल्याला आहेच. दप्तरात गावातल्या प्रत्येक गटाची नोंद असते. मूळ कागद कोणी घरी नेत नाही, ज्याला ज्याचे काम असेल त्याची नक्कल काढतो. समजा, मी परगावचा माणूस आहे आणि गावात कोणाशी बोललो नाही, पण आज कोणकोणत्या नकला निघाल्या एवढे मला पाहायला मिळाले. एका दिवसात शंभर सातबारे निघाले, तर पीककर्जाचा हंगाम सुरू झाला हे मी ओळखीन. उत्पन्नाचे दाखले निघू लागले, तर मुलांचे प्रवेश सुरू झाले. वारसाच्या नोंदीची नक्कल निघाली, तर कोणाच्या तरी घरी दुःखद घटना घडली आहे.

सजीवाच्या प्रत्येक पेशीत असेच एक दप्तर असते. त्यातली एकेक नोंद म्हणजे जनुक. हरभऱ्याचे संपूर्ण दप्तर २०१३ साली वाचून झाले. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेच्या पुढाकाराने ते काम झाले, आणि त्यात सुमारे २८ हजार जनुके निघाली. मुळाच्या पेशीत आणि पानाच्या पेशीत दप्तर तेच असते, पण नकला वेगवेगळ्या निघतात. म्हणून मूळ मूळ असते आणि पान पान असते. नक्कल निघाली की तिच्याप्रमाणे प्रथिन तयार होते आणि कामाला लागते. या नकला मोजणे म्हणजे कोणते जनुक जागे आहे आणि कोणते झोपले आहे ते पाहणे. शास्त्रज्ञ याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. आपण नकला मोजणे म्हणू.

गाठीत दोघांची दप्तरे असतात, एक झाडाचे आणि एक जिवाणूचे. गाठ कुटून नकला काढल्या तर दोघांच्या नकला एकत्र येतात. पण दोन्ही दप्तरे आधीच वाचून ठेवलेली असली, तर कोणती नक्कल कोणाची हे निवडता येते. लसूणघासाच्या जिवाणूचे दप्तर २००१ साली वाचले गेले, त्यात सुमारे ६,२०० जनुके आहेत. अडचण एवढीच की या नकला फार नाशवंत असतात. म्हणून गाठ तोडल्या तोडल्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात टाकतात. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या ज्या डब्यात आणतात आणि झाकण काढले की ज्याच्यातून पांढरी वाफ येते, तोच हा द्रवरूप नत्र. नत्राचा अभ्यास करायला नत्रच कामाला लावला!

आता या नकलांनी काय सांगितले ते पाहू.

बोलायला सुरुवात झाड करते. ज्याच्या मुळाजवळ नत्र कमी आहे असे झाड मुळांतून काही द्रव्ये मातीत सोडते. १९८६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शॅरन लाँग यांच्या प्रयोगशाळेत यावर सुरेख प्रयोग झाला. लसूणघासाच्या जिवाणूत गाठी करणारी जी जनुके असतात, त्यांच्या खटक्याला त्यांनी रंग देणारे दुसरे एक जनुक जोडले. म्हणजे गाठीचे जनुक जागे झाले की नळीत रंग दिसणार. साध्या पाण्यात जिवाणू ठेवला तर रंग येईना. लसूणघासाच्या बियांतून पाझरलेले पाणी घातले तर रंग आला! त्या पाण्यातून त्यांनी ल्युटिओलिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. म्हणजे मातीत जिवाणू पडून असतो, पण गाठीचे दप्तर मिटलेले असते. झाडाचा निरोप आला की मगच तो ते उघडतो.

निरोप मिळाला की जिवाणू उलट निरोप पाठवतो. तो रेणू कसा असतो हे १९९० साली फ्रान्समधील तुलूझच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. तो इतका तीव्र असतो की अगदी नगण्य प्रमाणातही मुळाची केसासारखी तंतुमुळे वाकडी होतात आणि जिवाणूला कवेत घेतात. झाडाच्या दप्तरातून मग भराभर नकला निघू लागतात. त्यांतली एक महत्त्वाची नक्कल निन नावाच्या जनुकाची. १९९९ साली ते सापडले. हे जनुक बिघडवले की दारात जिवाणू उभा असूनही गाठ होत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक पिकाचा निरोप वेगळा आणि उलट निरोपही वेगळा. म्हणून हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. घरात मागच्या खरिपाचे सोयाबीनचे पाकीट उरले होते, तेच हरभऱ्याला चोळले, असे सांगणारे दरवर्षी भेटतात. त्या जिवाणूला हरभऱ्याची भाषाच कळत नाही, तो काय करणार? शिवाय पाकिटाची मुदत संपलेली असते ती वेगळीच.

जिवाणू आत शिरला, गाठ फुगली. आता नत्र धरायचा. पण नत्र धरणारे जे यंत्र जिवाणूजवळ आहे ते प्राणवायू लागला की बिघडते. तिकडे जिवाणूला श्वास घ्यायला प्राणवायू तर हवाच. मोठा पेच! यातून वाट काढते ते तुमच्या बोटाला लागलेले लाल द्रव्य. ते प्राणवायूला धरून ठेवते आणि मोजून-मापून जिवाणूला पोचवते. हे द्रव्य कोण तयार करतो? जिवाणू नव्हे. गाठीतल्या नकला पाहिल्या तर लेगहिमोग्लोबिनच्या ढीगभर सापडतात, आणि त्या झाडाच्या दप्तरातल्या असतात. जिवाणूनेही आपले दप्तर ठरावीक ठिकाणीच उघडलेले असते. नत्र धरण्याची त्याची जनुके प्राणवायू कमी झाला तरच जागी होतात. मोकळ्या मातीत ती झोपलेली असतात.

तरी कोणी म्हणेल, लाल रंग तिथे आहे म्हणून तो कामाचाच असेल कशावरून? २००५ साली जर्मनीत हेच तपासले गेले. जपानात रानोमाळ उगवणारी एक छोटी शेंगवर्गीय वनस्पती घेतली आणि तिच्यात लेगहिमोग्लोबिनच्या नकला प्रथिन होण्याआधीच नष्ट होतील अशी तजवीज केली. गाठी आल्या, जिवाणूही आत शिरला, पण नत्र धरला गेला नाही. झाडे उपाशी राहिली. त्याच झाडांना खतातून नत्र दिला तेव्हा ती चांगली वाढली. म्हणून मी सांगतो, गाठी मोजत बसण्यापेक्षा गाठ कापून रंग पाहा.

२०१४ साली तुलूझच्याच मंडळींनी आणखी बारीक काम केले. लसूणघासाच्या एका रानटी बहिणीची गाठ घेऊन तिचे लेसर किरणांनी शेंड्यापासून बुडापर्यंत सूक्ष्म तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्यातल्या झाडाच्या आणि जिवाणूच्या नकला एकाच वेळी मोजल्या. शेंड्याकडे वाढीच्या नकला, मध्ये जिवाणूला सामावून घेण्याच्या, त्यामागे नत्र धरण्याच्या. एका इवल्याशा गाठीत अख्खे शेत! आणि मधल्या भागात झाडाच्या अशा शेकडो लहान प्रथिनांच्या नकला होत्या, ज्या झाडात दुसरीकडे कुठेच निघत नाहीत. ही प्रथिने काय करतात हे २०१० सालीच कळले होते. ती जिवाणूच्या अंगात शिरतात आणि त्याची वंशवाढ बंद करतात. तो फुगतो, मोठा होतो, नत्र धरतो, पण त्याला पुन्हा पिल्ले होत नाहीत. हरभऱ्यातही अशी प्रथिने सापडली आहेत, संख्येने कमी. सोयाबीनमध्ये नाहीत. बैल कामाला लावण्याआधी आपण त्याला ठेचतो, त्याचीच आठवण मला हे वाचून झाली. 'दोघे सुखाने नांदतात' हे माझे जुने वाक्य तेव्हापासून मी सभेत म्हणत नाही.

सोयाबीन वेगळ्या रीतीने हिशेब ठेवते. २००३ साली कॅलिफोर्नियात काही गाठींभोवती नत्राऐवजी अरगॉन वायू ठेवला. जिवाणूची इच्छा असली तरी धरायला नत्रच नाही. थोड्या दिवसांत त्या गाठींतले जिवाणू शेजारच्या गाठींपेक्षा बरेच कमी वाढले. झाडाने त्यांचा प्राणवायू आवळला असावा असे दिसून आले. ज्याच्याकडून माल येत नाही त्याची उचल बंद.

सासरेबुवांच्या युरियाचे उत्तर आता देतो. गाठी पोसायला झाडाला साखर खर्च करावी लागते, म्हणून किती गाठी ठेवायच्या हेही झाड मोजते. हे मोजमाप मुळात होत नाही, पानांत होते. मुळातून लहान प्रथिनांचा निरोप वर जातो, पान तो वाचते आणि 'आता पुरे' असे खाली कळवते. ऑस्ट्रेलियात सोयाबीनची अशी झाडे सापडली होती की ज्यांचे पान हा निरोप वाचू शकत नव्हते. त्यांच्या मुळांना गाठींचे घोस आले, पण झाडे मात्र रोडावली. ज्या जनुकाच्या बिघाडाने असे झाले, ते २००३ साली सापडले. पुढे २००९ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी दाखवले की 'पुरे' सांगणाऱ्या या निरोपाच्या नकला दोन कारणांनी निघतात. एक, मुळाला जिवाणू मिळाला म्हणून. दुसरे, मुळाजवळ नायट्रेट आले म्हणून. आणि युरिया जमिनीत पडून काही दिवसांत त्याचे नायट्रेटच होते.

म्हणजे पस्तिसाव्या दिवशी एकरी एक बॅग युरिया टाकला तर तुमचा हरभरा असा हिशेब करील : नत्र दारात आयता आला आहे, मग साखर खर्चून कारखाना कशाला चालवू? नव्या गाठी थांबतील. जुन्या गाठींतले लेगहिमोग्लोबिन कमी होऊन त्या हिरवट पडू लागतील. पीक आठ दिवस काळेभोर दिसेल आणि सासरेबुवा म्हणतील, पाहा, मी म्हणत नव्हतो? पुढे तो युरिया संपेल, आणि घाटे भरायच्या वेळी नत्राची गरज वाढलेली असताना कारखाना मात्र मोडलेला असेल. वरून पाणी दिले तर पालाच माजेल, ते निराळेच.

सासऱ्यांचे चुकले असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांनी गहू, ज्वारी, कापूस यांना युरिया देऊन फायदा पाहिला आहे, आणि त्या पिकांना गाठी नसतात. फिकट पीक पाहून जुन्या माणसाचा हात युरियाकडे जाणारच.

ताई, तुमच्या शेतात पेरणीच्या वेळी एकरी एक बॅग डीएपी गेली आहे. तिच्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळाले. हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद, म्हणजे एकरी १० आणि २० किलो लागते. हिशेब जवळजवळ जुळला आहे. सुरुवातीचा हा थोडा नत्र गाठी चालू होईपर्यंतची शिदोरी आहे, तो द्यावाच. त्यानंतर जमिनीतून नत्र नको. फुलोऱ्यात २ टक्के युरियाची, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, फवारणी करतात. ती पानांवर आणि अगदी थोडी असते, तिला माझी हरकत नाही. पण ती फुलोऱ्यात, आता नव्हे.

मग मधला पट्टा फिकट का? तिथली चार झाडे आणि कडेच्या चांगल्या पिकातली चार झाडे वेगवेगळी खणून काढा. दोन्हीकडच्या गाठी लाल असतील तर नत्राचा प्रश्न नाही. मग तो पट्टा सखल आहे का आणि तिथे पाणी साचते का ते पाहा. हरभऱ्याच्या मुळाला हवा मिळाली नाही की पीक पिवळे पडते, आणि गाठीही गुदमरतात. तिथे पाणी देऊ नका, एक कोळपणी करून माती मोकळी करा, वाफसा येऊ द्या. शेंड्याची नवी पानेच पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नसावे, त्याचा उपाय वेगळा आहे. एखाददुसरे झाड एकदम माना टाकत असेल तर मर रोग पाहावा लागेल. खोड उभे चिरून आतली रेघ काळपट आहे का ते तपासा. आणि कडेला गाठी लाल पण पट्ट्यात पांढऱ्या किंवा मुळीच नाहीत असे निघाले, तर तिथे जिवाणू पोचलाच नाही. बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम एकत्रच कालवले होते का, किंवा चोळलेले बियाणे उन्हात वाळवले होते का, ते आठवून पाहा. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर पेरणीच्या थोडे आधी रायझोबियम, आणि मग सावलीत सुकवून लगेच पेरणी, असा क्रम असतो. भुकटीचे पाकीट असेल तर दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. गूळ गरम पाण्यात विरघळवून तसाच वापरला तर जिवाणू पाकिटातून थेट मसणात जातो.

दुकानातले औषध आणू नका. गाठ टिचकीने सुटली आहे आणि आतून लाल आहे, तर तो रोग नाही.

झाडे खणाल तेव्हा सासरेबुवांना बांधावर सोबत न्या, आणि पहिली गाठ त्यांच्याच हाताने कापू द्या. काय रंग निघाला ते पोस्टकार्डावर कळवा. त्या पट्ट्याला पुढे काय करायचे ते मग लिहीन.